प्लगला हात लावू नये

प्लग मी काढला होता. हे चार शब्दांचे वाक्य उच्चारायला मला अकरा वर्षे लागली, आणि तेवढी सगळी वर्षे त्याच्या नेमके उलट सांगणारी एक पाटी आमच्या वॉर्डाच्या भिंतीवर टांगलेली होती: ‘मशीनच्या प्लगला नातेवाइकांनी हात लावू नये.’ पाटी माझ्याच हातची होती. माझे अक्षर चांगले आहे; शाळेत फळ्यावर सुविचार लिहायला मलाच बोलावत. त्यामुळे येणारेजाणारे ती पाटी वाचत आणि तिच्यावर विश्वास ठेवत. तिच्यामागे काय दडले आहे हे ठाऊक असलेली माणसे दोनच होती. एक मी. दुसरीला वाचता येत नव्हते.

आता ती पाटी तिथे नाही, म्हणून हे लिहू शकतो आहे. या अंकाच्या संपादकांनी ‘तुमच्या कामाविषयी लिहा, पण आम्हाला कळेल असे लिहा’ अशी विनंती केली, तेव्हा प्रथम मी नकार दिला होता. पाटी उतरल्यानंतर मीच फोन करून होकार कळवला.

मी पनवेलच्या एका धर्मादाय रुग्णालयात ब्रदर होतो. ब्रदर म्हणजे पुरुष परिचारक. ‘सिस्टर’ म्हटले की लोकांच्या डोळ्यांपुढे लगेच एक चित्र उभे राहते. ‘ब्रदर’ म्हटले की ते कोणाचा भाऊ आला म्हणून इकडेतिकडे पाहतात. याच वर्षी निवृत्त झालो. नोकरीतली बहुतेक वर्षे ड्रेसिंगच्या खोलीत गेली आणि त्यातलीही शेवटची बरीच वर्षे एका विशिष्ट प्रकारच्या ड्रेसिंगमध्ये. त्याचा मला अभिमान आहे. तो अभिमान कुठे तडकला, तेही पुढे येईलच.

अपघातात किंवा भाजल्यामुळे कातडी मोठ्या भागावरून निघून गेली, तर ती जखम आपली आपण भरत नाही. मग मांडीवरून कांद्याच्या पापुद्र्यासारखा पातळ थर काढून जखमेवर बसवतात. यालाच ग्राफ्ट म्हणतात. आमच्या रुग्णांना हे समजावताना मला कधी अडचण आली नाही. ‘कातडीचे कलम’ असे म्हटले की आंब्याच्या बागांत राबलेली माणसे लगेच मान डोलावत. कलम बांधताना दोन काड्यांत फट राहिली, आत पाणी शिरले, की कलम जळते. कातडीचेही तसेच आहे. पहिले तीन-चार दिवस त्या पापुद्र्याला स्वतःचा रक्तपुरवठा नसतो; खालच्या जखमेतून जे झिरपेल त्यावर तो कसाबसा जगतो. तेवढ्या काळात त्याच्याखाली रक्त किंवा पाणी साचले, अथवा तो नुसता जागचा सरकला, तरी तो मरतो. म्हणजे शस्त्रक्रिया डॉक्टरांची असली, तरी कलम धरणे पुष्कळसे ड्रेसिंगवर अवलंबून. ड्रेसिंग करणाऱ्याच्या डोक्यात हवा जायला एवढे पुरेसे होते.

पूर्वी आम्ही कापसाची गादी ठेवून वरून घट्ट पट्टी बांधत असू. सपाट मांडीवर ते ठीक असे. घोट्यावर, पावलावर, जिथे हाडे आणि खळगे आहेत तिथे दाब सारखा बसत नसे. मग नवी पद्धत आली. जखमेवर स्पंज ठेवायचा, वरून पारदर्शक चिकट पडदा लावून चारी बाजूंनी हवाबंद करायचे आणि एका नळीने आतली हवा ओढून घ्यायची. स्पंज आक्रसून कडक होतो, कातडीला सगळीकडून सारखा दाबून धरतो, आणि खाली साचू पाहणारे पाणी नळीतून बाहेर बरणीत जाऊन पडते. यासाठीचे परदेशी यंत्र देखणे असते. पण आमच्या रुग्णांनी त्याचे भाडे ऐकले असते, तर जखम तशीच ठेवून घरी निघून गेले असते.

आठवड्यातून दोनदा येणारे आमचे प्लास्टिक सर्जन, ज्यांना सगळे नुसते ‘सर’ म्हणत, मला एक दिवस म्हणाले, “ब्रदर, आपल्याला हवा ओढायची आहे, विमान उडवायचे नाही. बघा बरे, काय काय जमवता येते.”

मी जमवले. नाकातून पोटात घालायच्या नळीला पुढे छिद्रे पाडली. शस्त्रक्रियेत वापरायचा चिकट पडदा होताच. ऑपरेशन थिएटरमधून निवृत्त झालेले जुने सक्शन मशीन भांडाराच्या कोपऱ्यात पडले होते, ते दुरुस्त करून घेतले. राहिला स्पंज. तो बाजारातल्या रफीकभाई गादीवाल्याच्या दुकानात मिळाला.

“सोफा किती सीटचा?” त्यांनी विचारले.

“सोफा नाही. जखमेवर ठेवायचा आहे.”

“तौबा!” रफीकभाईंनी हातातली कात्री खाली ठेवली. “मग ब्रदर, हे कोपऱ्यातलं कटपीस नका बघू. जखमेचं सामान आहे. नवी शीट फोडतो.”

सरांनी तो स्पंज आधी धुऊन, वाफवून, त्याचे कण सुटतात का, तो फाटतो का हे तपासले आणि मगच हो म्हटले. त्यानंतर मी दुकानात गेलो की रफीकभाई आवर्जून विचारत, “मागचा सोफा बसला का?” मी “बसला” म्हणालो की ते छातीवर हात ठेवत. वैद्यकातल्या एवढ्या शब्दांमध्ये कलम धरण्याला इतका सुटसुटीत शब्द मला दुसरा सापडला नाही.

या स्वस्त यंत्राचे दोन दोष होते. एक म्हणजे ते तापत असे, त्यामुळे दर अर्ध्या तासाने त्याला थोडी विश्रांती द्यावी लागे. पडदा हवाबंद असल्याने तेवढ्या वेळात स्पंज फुगत नसे. दुसरा दोष मोठा होता. परदेशी यंत्र बंद पडले तर घंटा वाजवते. आमच्या यंत्राला घंटा नव्हती. ते थांबले की नुसते गप्प होई.

पण पहिल्या दिवसांत आम्हाला घंटेची उणीव भासली नाही, कारण ती रुग्णांनीच भरून काढली. गव्हाणचे एक बडे गृहस्थ मधुमेहाने पावलावरची कातडी गमावून आमच्याकडे आले होते. स्पंज पाहून ते उखडले. “काय रं बरदर, माज्या पायाला गादी बांधतोस? माज्याकडं पैसा नाय का? भायेरचं मशीन आन!” सरांनी त्यांना ते मशीन मिळवून देण्याची तयारी दाखवली, पण दोन्ही मशीन हवाच ओढतात हे कळल्यावर ते म्हणाले, “हवाच वढायची तर मग हीच बोट चालवा.” मशीनच्या फटफट आवाजाला ते बोट म्हणत. त्या आवाजात ते गाढ झोपत, आणि आवाज थांबला की डोळे उघडून सगळा वॉर्ड ऐकेल असे ओरडत, “ए बरदर! तुजी बोट थांबली बग!” बहुतेक वेळा बोट विश्रांतीसाठीच थांबलेली असे. एकदा मात्र खरोखरच नळी निसटली होती आणि त्यांच्या ओरडण्यामुळे त्यांचेच पाऊल वाचले. त्यांच्यासारखी घंटा आम्हाला पुन्हा मिळाली नाही. का मिळाली नाही, त्याचे कारण मी आहे.

लहू हा माथेरानच्या डोंगराच्या पायथ्याच्या एका वाडीतला मजूर. विचुंब्याला इमारतीच्या कामावर असताना मागे येणाऱ्या ट्रकच्या चाकाने त्याच्या नडगीवरची कातडी मोज्यासारखी सोलून काढली. हाड शाबूत राहिले हे नशीब. सरांनी कलम लावले, मी ड्रेसिंग बांधले आणि वॉर्डाच्या टोकाला असलेल्या, मशीनचा आवाज इतरांना होऊ नये म्हणून वेगळ्या ठेवलेल्या दोन खाटांच्या खोलीत त्याला हलवले. त्याच्यासोबत त्याची बायको बारकीबाई होती. खाटेच्या पायाशी ती उकिडवी बसून असे.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी त्या खोलीत गेलो, तेव्हा दुसरी खाट रिकामी होती, लहू इंजेक्शनच्या गुंगीत होता आणि बारकीबाई खाली कपडे धुवायला गेली होती. माझ्या मुलीच्या कॉलेजप्रवेशाची त्या दिवशी शेवटची फेरी होती. पत्नी तिला घेऊन मुंबईत रांगेत उभी होती, एखादा कागद कमी पडला तर मला फोन करणार होती, आणि माझा फोन बंद पडण्याच्या बेतात होता. खोलीत चालू असलेला सॉकेट एकच होता. थोड्या वेळाने मशीनला विश्रांती द्यायचीच आहे, ती आताच दिली तर काय बिघडते, अशी मी स्वतःची समजूत घातली. मशीनचा प्लग काढला आणि माझा चार्जर लावला.

इतक्यात खालून बोलावणे आले. महामार्गावर अपघात झाला होता, जखमी एकामागून एक येत होते. मी धावलो. वर आलो तेव्हा अडीच तास उलटून गेले होते.

फोन पूर्ण चार्ज झाला होता. मशीन गप्प होते. स्पंज फुगून मऊ पडला होता आणि पडद्याखाली लाल पाणी दिसत होते. बारकीबाई पिळलेले कपडे मांडीवर घेऊन बसली होती. ती म्हणाली, “दादा, मशीन लय येळ झोपलं.”

“असू दे. विश्रांती देत होतो,” मी म्हणालो. तिच्या डोळ्यांदेखत मी माझा चार्जर काढला, मशीनचा प्लग लावला आणि फोन खिशात टाकला.

मुलीला प्रवेश मिळाला होता. दुसऱ्या दिवशी मी वॉर्डात पेढे वाटले. एक बारकीबाईलाही दिला. तिने तो पदराच्या टोकात बांधून लहूसाठी ठेवला.

इतक्या वर्षांत मी हा प्रसंग अनेकदा उलटसुलट तपासला आहे. प्लग काढणे ही चूक होती. घाईत माणसांकडून चुका होतात. पण त्याच दुपारी मी सरांना फोन केला असता, तर त्यांनी येऊन साचलेले रक्त काढले असते आणि कलम कदाचित तगलेही असते. मी गप्प बसलो. चुकीचे रूपांतर अपराधात झाले ते तिथे. ते कलम केवळ त्या अडीच तासांमुळेच गेले का, हे आजही मला ठामपणे सांगता येणार नाही. कलमे इतर कारणांनीही जातात. मात्र ही पळवाट मी फार वर्षे वापरली, म्हणून आता ती बंद केली आहे.

पाचव्या दिवशी ड्रेसिंग उघडले. कातडी काळीजांभळी पडून साकळलेल्या रक्तावर तरंगत होती. सरांनी विचारले, “मशीन मध्ये बंद पडले होते का?”

सर आवाज चढवणारे नव्हते, माझ्यावर त्यांचा विश्वास होता. खरे बोलायला याहून सोपी जागा नसते. मी म्हणालो, “सर, यांच्या बाईंनी मोबाईल चार्जिंगला लावायला प्लग काढला होता. माझ्या लक्षात येताच मी लगेच लावला.”

सर बारकीबाईकडे वळले. “बाई, तुमच्याच माणसाचा पाय होता हा,” एवढेच म्हणाले. लहू खाटेवरून म्हणाला, “काय केलंस गं तू?” बारकीबाईने सरांकडे पाहिले नाही की नवऱ्याकडे पाहिले नाही. ती माझ्याकडे पाहत होती. रागाने नव्हे, रस्ता चुकलेल्या माणसाकडे पाहावे तशी. तिच्याजवळ मोबाईल नव्हता. चार्जर नव्हता. एका पिशवीत दोन लुगडी आणि एक पितळी एवढाच तिचा संसार त्या खोलीत होता. पण ‘बाई, तुझा मोबाईल कुठे आहे?’ हे आमच्यापैकी कोणीही, अगदी लहूनेही, तिला विचारले नाही. पांढऱ्या कपड्यातल्या माणसाने सांगितले, त्या अर्थी ते खरेच असणार.

लहूला पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागली. ती अर्धीमुर्धी यशस्वी झाली. जखम भरली, पण कातडी ओढली जाऊन घोटा आखडला. तो काठी घेऊन घरी गेला. सरांनी मला सांगितले, “ब्रदर, एक पाटी लावा. आणि नातेवाइकांना त्या खोलीत बसू देऊ नका.” मी पाटी लिहिली. उंबऱ्याशी पिवळी रेघ ओढली. नातेवाइकांसाठी बाहेर बाकडे ठेवले. अशा रीतीने माझे खोटे आमच्या वॉर्डाचा नियम झाले. नव्या परिचारिकांना तो नियम मीच शिकवत असे. पाटीच्या धाकाने रुग्णही मशीनपासून अंग चोरत; त्यानंतर मशीन थांबले तरी कोणी ओरडेना. आमची घंटा मीच काढून टाकली होती.

यानंतरची वर्षे कामाच्या दृष्टीने चांगली गेली, हेही प्रामाणिकपणे नोंदवले पाहिजे. रफीकभाईंचे सोफे बसत गेले. दूरदूरचे डॉक्टर आमचे ड्रेसिंग पाहायला येत. मी त्यांना नळी, पडदा, स्पंज समजावून सांगे आणि पाटीकडे पाठ करून उभा राहत असे.

निवृत्तीला काही महिने उरले असताना एका केसपेपरवर बारकीबाईचे नाव वाचले. लाकडे गोळा करताना तिला फुरसे चावले होते. जीव वाचला, पण विषाने पावलावरची कातडी काळी पडून निघून गेली होती. सरांनी कलम करायचे ठरवले. ड्रेसिंग तेच, खोली तीच, सॉकेटही तोच.

सोबत लहू होता. केसांत पांढरे, हातात काठी. मला पाहताच हसला. “बरदर, वळख हाय का? हिला जरा दम देऊन ठेवा. मागल्या टायमाला हिनं पलक काढला नि माजा पाय गेला. आता सोताच्या पायाचं तरी बग म्हनावं!” हे तो रागाने म्हणाला नाही. घरात वर्षानुवर्षे बोलून बोलून गुळगुळीत झालेल्या थट्टेसारखे म्हणाला. बारकीबाई पावलाकडे पाहत राहिली.

माझे खोटे वॉर्डाच्या भिंतीवर आहे, अशी माझी समजूत होती. ते त्यांच्या झोपडीत राहायला गेले होते, तिथे रोज जेवत होते, हे मला त्या दिवशी कळले. लहूने जड काम सोडल्यावर वीटभट्टीवर तीच जात होती. त्याच्या लंगड्या पायाचे ओझे तिने उचलले आणि त्याबद्दलचे बोलणेही तिनेच ऐकले.

तरीही मी बोललो नाही. मनात माफीची वाक्ये रचत राहिलो. मी वाक्ये बरी रचतो. रोज एखादा शब्द बदलून ती अधिक नेटकी करत असे. तोंडातून मात्र एकही बाहेर पडत नव्हते.

शस्त्रक्रियेच्या तिसऱ्या दिवशी सकाळी औषधांच्या फेरीत मी त्या खोलीपाशी आलो आणि थबकलो. आवाज नव्हता. ती विश्रांतीची वेळ नव्हती. फरशी पुसताना वायर ओढली जाऊन प्लग सॉकेटमधून अर्धा बाहेर आला होता, खाटेवरून हात पोहोचेल इतक्या अंतरावर. स्पंज फुगला होता. बारकीबाई खाटेवर ताठ बसली होती, दोन्ही हात काखेत घट्ट दाबून.

“बारकीबाई, मशीन कधीपासून बंद आहे?”

“पोरगी लादी पुसून गेली तवापासनं.”

“मग हाक का मारली नाहीत? मला, सिस्टरना, कोणालाही?”

“मी हात नाय लावला, दादा,” ती म्हणाली. “बगा.” आणि तिने काखेतून दोन्ही हात काढून, शाळेत नखे दाखवतात तसे, आधी तळवे आणि मग पालथे करून मला दाखवले.

तिचे कलम तिच्या डोळ्यांपुढे मरत होते, आणि तिला भीती होती ती माझी.

मी प्लग दाबून बसवला. मग वेळ न दवडता सरांना फोन केला. “सर, मशीन बंद होते. किती वेळ, ते मला नक्की ठाऊक नाही. खाली पाणी साचलेले दिसते.” सर दुपारच्या आत आले. पडद्याला बारीक छेद देऊन त्यांनी साचलेले पाणी सिरिंजने ओढून घेतले, छेदावर नवा तुकडा चिकटवला. स्पंज पुन्हा आक्रसला. “वेळेवर कळवलेत,” सर म्हणाले. अकरा वर्षांपूर्वी एवढेच करायचे होते. एक फोन. तोही पूर्ण चार्ज झालेला.

त्याच दिवशी मी ती पाटी उतरवली आणि मागच्या कोऱ्या बाजूवर नवे लिहिले: ‘मशीनचा आवाज थांबला, तर मोठ्याने हाक मारा. कोणीही मारावी.’ बारकीबाईला वाचता येत नाही, म्हणून मी तिला ते वाचून दाखवले.

“हाक मारू? मी?”

“तुम्हीच.”

दुसऱ्या दिवशी विश्रांतीसाठी मशीन बंद करून मी पाठ फिरवतो न फिरवतो, तोच मागून खणखणीत आवाज आला, “ए दादा! झोपलं!” मी दचकलो. मग दोघेही हसलो. त्यानंतर ड्रेसिंग उघडेपर्यंत तिने एकही विश्रांती बिनहाकेची जाऊ दिली नाही. गव्हाणच्या गृहस्थांनंतर वॉर्डाला पुन्हा घंटा मिळाली.

पाचव्या दिवशी सर आले. कलम धरले आहे की नाही, हे त्या एका सकाळी ठरणार होते. मी पडद्याची एक कड सोडवली, सलाईनने स्पंज भिजवला आणि थांबलो. या क्षणी घाई करणारा माणूस धरलेले कलमही उपटून काढतो. बारकीबाईने डोळे मिटून घेतले होते. स्पंज हळूहळू सुटला.

खाली कातडी गुलाबी होती. एका कडेला नखाएवढा डाग वगळला, तर सगळी गुलाबी. सरांनी बोट टेकवून दाबले. तेवढी जागा पांढरी झाली आणि बोट उचलताच रंग परत आला. “धरले,” सर म्हणाले. “बाई, तुमचे कलम धरले.” माझ्या छातीवर इतकी वर्षे आक्रसून बसलेले काहीतरी त्या रंगासोबत सैल झाले. डोळ्यांपुढे रफीकभाई आले, छातीवर हात ठेवलेले.

असा सुटकेचा क्षण फसवा असतो. आता सगळे ठीक झाले, जुने कशाला उकरायचे, असे तो कानात सांगतो. मी ते सांगणे ऐकले, आणि या वेळी मानले नाही. सर खिडकीशी केसपेपरवर लिहीत होते. मी खाटेजवळ वाकलो आणि माझ्या नेहमीच्या हळू आवाजात म्हणालो, “बारकीबाई, त्या वेळी प्लग मी काढला होता. तुमच्यावर खोटा आळ घेतला. मला माफ करा.”

तिने माझ्याकडे पाहिले. अकरा वर्षांपूर्वीसारखेच, फक्त आता रस्ता सापडलेल्या माणसाकडे पाहावे तसे.

“मला काय सांगता, दादा? मला ठावंच हाय. माज्याकडं मोबाईल कवा व्हता?” ती म्हणाली. मग तिने पिवळ्या रेघेपलीकडच्या बाकड्याकडे हनुवटी उडवली. “पोरांच्या बापसाला सांगा. आन जोरात सांगा. त्याला कमी ऐकू येतं.”

मी रेघ ओलांडून लहूसमोर उभा राहिलो. अनेक दिवस घासूनपुसून ठेवलेली सगळी वाक्ये त्या चार पावलांत गळून पडली. जे उरले ते मी पुटपुटलो. लहूने कानामागे हात धरला. “आँ?”

सगळ्या वॉर्डात माझा मोठा आवाज कोणी कधी ऐकला नव्हता, मीही नाही. दोन सिस्टर वळून पाहू लागल्या, खिडकीशी सरांचे पेन थांबले.

“लहूभाऊ, तुमच्या मशीनचा प्लग मी काढला होता! माझा फोन चार्ज करायला! बारकीबाईंनी हात लावला नव्हता. मी सरांशी खोटे बोललो, तुमच्याशी खोटे बोललो. तुमचा पाय माझ्यामुळे गेला आणि बोलणी यांनी खाल्ली. मी तुमची दोघांची माफी मागतो!”